२एफओ−एफसी नकाशात लिगँड सलग दिसतो, भार लावलेल्या नकाशात विरतो : विश्वास कोणत्या नकाशावर ठेवावा?

स्फटिकवेडी (इंदूर) :

नमस्कार. मी इंदुरात प्रथिनांच्या स्फटिकविज्ञानात पीएच.डी. करते आहे. घर मराठी असले तरी शाळा हिंदी माध्यमाची होती, त्यामुळे एखादा पारिभाषिक शब्द चुकला तर सांभाळून घ्यावे. ‘फेज’ला मराठीत ‘कला’ म्हणतात हे मला याच वर्षी कळले. आमच्या प्रयोगशाळेत सगळेच फेज म्हणतात, तेव्हा मीही इथे तोच शब्द ठेवते. स्फटिकावरून आलेल्या प्रत्येक क्ष-किरण परावर्तनाच्या मोजलेल्या आयामाला (लहरीच्या उंचीला) एफओ आणि मॉडेलवरून, म्हणजे अणूंच्या मांडणीच्या आपल्या अंदाजावरून, काढलेल्या आयामाला एफसी म्हणते आहे; फेज म्हणजे ती लहर किती सरकलेली आहे ते, आणि आयाम व फेज मिळून इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा निघतो.

आमच्या एन्झाइमचे स्फटिक १.६ मोलर अमोनियम सल्फेटमध्ये वाढतात. त्यांतला एक स्फटिक मी ५ मिलिमोलर एएमपी (फॉस्फेट, रायबोज साखर आणि अ‍ॅडेनीन जोडलेला छोटा रेणू; एन्झाइमला चिकटणाऱ्या अशा रेणूला लिगँड म्हणतात) घातलेल्या त्याच द्रावणात रात्रभर भिजवून ठेवला आणि त्याचा डेटा इथल्याच इंडस-२ सिंक्रोट्रॉनच्या प्रोटीन बीमलाइनवर २.३ अँगस्ट्रॉमपर्यंत गोळा केला. मॉलिक्युलर रिप्लेसमेंटने, म्हणजे आधी माहीत असलेल्या सारख्या रचनेच्या आधारे, उत्तर सहज मिळाले. सध्या आर (मॉडेल आणि मोजमाप यांतली तफावत) ०.२३ आणि आर-फ्री (तीच तफावत, पण जुळवणीबाहेर ठेवलेल्या परावर्तनांवरून) ०.२९ आहे. सक्रिय स्थळाशी घनतेचा एक ठळक गोळा दिसला, म्हणून मी तिथे एएमपीचा रेणू बसवला आणि रिफाइनमेंटच्या, म्हणजे मॉडेल मोजमापाशी जुळवत नेण्याच्या, पाच-सहा फेऱ्या केल्या.

अडचण इथून सुरू होते. आमच्याकडे एक जुनी स्क्रिप्ट आहे, ती कोणताही भार (वजन) न लावता सरळ २एफओ−एफसी या गुणांकांनी नकाशा काढते. त्या नकाशात १ सिग्मा पातळीवर (सिग्मा म्हणजे नकाशातल्या चढउतारांचे प्रमाण विचलन) फॉस्फेटपासून अ‍ॅडेनीनच्या कड्यापर्यंत घनता सलग दिसते, अगदी प्रबंधाच्या मुखपृष्ठावर घालावी इतकी. रिफाइनमेंट प्रोग्रामने स्वतः दिलेल्या २·एम·एफओ − डी·एफसी नकाशात मात्र फॉस्फेट भरीव आहे, रायबोज तुटक आहे, आणि अ‍ॅडेनीन पाहायचे तर पातळी ०.६ सिग्मापर्यंत खाली आणावी लागते. फरकाच्या नकाशात, म्हणजे एम·एफओ − डी·एफसीमध्ये, त्या जागी ना हिरवे (मॉडेलमध्ये राहून गेलेले) ना लाल (जास्तीचे घातलेले), काहीच नाही. म्हणजे मॉडेल बरोबर आहे असेच मी समजत होते.

माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे असे, की ज्या नकाशात रेणू दिसतो तो नकाशा छापा, भाराचे हे सगळे सांख्यिकीचे चोचले आहेत. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे त्यांना समजावून सांगण्याइतके मलाच समजलेले नाही. हे एम आणि डी नेमके काय करतात, सेंट्रिक परावर्तनांसाठी प्रोग्राम वेगळाच गुणांक का वापरतो, आणि माझा अ‍ॅडेनीन खरा आहे की नाही हे कसे ठरवायचे, एवढे कुणी उलगडून सांगितले तर आभारी राहीन.


राजवाड्यामागचा (इंदूर) :

तुमच्या मार्गदर्शकांशी वाद घालू नका, पण ते चित्रही छापू नका. तुम्ही लिगँड आधी मॉडेलमध्ये घातला, त्या मॉडेलवरून फेज काढल्या, आणि मग त्याच फेज वापरून काढलेल्या नकाशात लिगँड शोधायला गेलात. स्वतःच ठेवलेली वस्तू स्वतःच शोधून काढली, तर तो शोध कसला?

नकाशाचा चेहरामोहरा आयामांपेक्षा फेज जास्त ठरवतात. जी. एन. रामचंद्रन आणि आर. श्रीनिवासन यांनी १९६१ मध्ये ‘नेचर’मध्ये हेच दाखवले होते : एका रचनेचे आयाम आणि दुसऱ्याच रचनेच्या फेज एकत्र करून नकाशा काढला, तर त्यात ठळकपणे दिसते ती फेज देणारी रचना. आयाम मात्र आपण मोजतो, फेज आपण मोजत नाही, ती मॉडेलकडून उसनी घेतो. आपल्या इंदूरच्या होळकरांच्या राजवाड्याचेच उदाहरण घ्या. १९८४ च्या आगीत मागचा भाग जळाला आणि समोरचा दर्शनी भाग तेवढा उरला. एखाद्या जुन्या इंदुरी माणसाला चौकात उभे करून राजवाड्याचे चित्र काढायला सांगितले, तर तो दर्शनी भाग डोळ्यांनी पाहून काढील आणि मागचा भाग आठवणीतून, आणि चित्र पाहणाऱ्याला कोणती रेघ कुठून आली हे कळणार नाही. २एफओ−एफसीमध्येही जे घालाल तेच दिसते.

तेव्हा लिगँड काढून टाका, पुन्हा रिफाइन करा, आणि मग फरकाचा नकाशा पाहा. एम आणि डीचे गणित माझ्यापेक्षा इथले दुसरे कुणी चांगले सांगतील.


अर्धी उंची (मूळचा इंदूरचा, मुक्काम पुणे) :

सल्ला बरोबर आहे, पण ‘जे घालाल तेच दिसते’ हे विधान मी जसेच्या तसे मान्य करणार नाही, कारण २एफओ−एफसी हा गुणांक जन्माला आला तोच मुळी घातलेले दिसू नये आणि राहिलेले दिसावे म्हणून. तो कुठे कमी पडतो हे समजले की एम आणि डी कशासाठी आहेत ते आपोआप कळते, म्हणून थोडे मागून सुरुवात करतो.

समजा मॉडेलमधून एक छोटा तुकडा राहून गेला आहे. एका परावर्तनासाठी मॉडेलचा सदिश १०० लांबीचा आहे आणि राहिलेल्या तुकड्याचा २० लांबीचा. दोन्ही एकाच दिशेला असतील तर मोजलेला आयाम १२० येईल आणि मॉडेलशी त्याचा फरक २० असेल. नेमके विरुद्ध दिशांना असतील तर मोजलेला आयाम ८० आणि फरक उणे २०. पण दोघे काटकोनात असले तर? शंभराचा वर्ग आणि विसाचा वर्ग यांच्या बेरजेचे वर्गमूळ साधारण १०२ येते, म्हणजे फरक फक्त २. विसांतले अठरा कुठे गेले? ते लांबीत नव्हे तर दिशेत गेले, आणि दिशा तर डिटेक्टरने मोजलेलीच नाही. म्हणजे एफओ−एफसी या फरकात तुकड्याच्या सदिशाचा मॉडेलच्या दिशेवर पडणारा प्रक्षेप तेवढा येतो, त्या दोघांमधल्या कोनाच्या कोसाइनपट. तो प्रक्षेप आपण पुन्हा मॉडेलच्याच दिशेने नकाशात घालतो, तेव्हा तुकड्याच्या खऱ्या दिशेला त्यातला पुन्हा कोसाइनपटच भाग पोचतो. हजारो परावर्तनांत हा कोन वाटेल तो असतो आणि कोसाइनच्या वर्गाची सरासरी अर्धी येते. म्हणून राहिलेला अणू फरकाच्या नकाशात अर्ध्या उंचीचा दिसतो आणि उरलेला अर्धा भाग गोंगाट होऊन सगळ्या युनिट सेलभर (स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या घटकभर) पसरतो. माझे इथले टोपणनाव यावरूनच घेतले आहे.

आता एफओ म्हणजे एफसी अधिक हा फरक. राहिलेला अणू पूर्ण उंचीचा हवा असेल तर फरक दुप्पट करावा लागतो : एफसी अधिक दोनदा (एफओ−एफसी), म्हणजेच २एफओ−एफसी. हाच हिशेब उलट्या दिशेने केला तर चुकून घातलेला अणू फरकाच्या नकाशात उणे अर्धा येतो, दुपटीने उणे एक होतो, आणि एफसीतल्या अधिक एकाशी त्याची वजाबाकी होऊन शून्य उरते. म्हणजे कागदावर तरी तुमचा खोटा अ‍ॅडेनीन, तो खोटा असेल तर, साध्या २एफओ−एफसी नकाशातूनही गायब व्हायला हवा होता.

सेंट्रिक परावर्तनांची गोष्ट याच हिशेबातून सुटते. त्यांची फेज दोनच मूल्ये घेऊ शकते, एकमेकांपासून १८० अंशांवरची, त्यामुळे मॉडेल आणि तुकडा यांच्यातला कोन शून्य असतो किंवा १८०. काटकोनाची भानगडच नाही, म्हणून काही हरवतही नाही. फरक आधीच पूर्ण उंचीचा असतो. तो दुप्पट केला तर राहिलेला अणू दुप्पट उंच होईल. म्हणून सेंट्रिकसाठी गुणांक एम·एफओ आणि बाकीच्यांसाठी २·एम·एफओ − डी·एफसी. पी दोन-एक दोन-एक दोन-एक या अवकाशगटात तीन मुख्य झोन सेंट्रिक असतात, तेव्हा हा तपशील सोडून देण्याइतका किरकोळ नाही, विशेषतः कमी रेझोल्यूशनच्या डेटात, जिथे एकूण परावर्तनांत त्यांचे प्रमाण जास्त असते.

मग तुमच्या स्क्रिप्टच्या नकाशात अ‍ॅडेनीन का उरला? कारण वरचा सगळा हिशेब ‘बाकी मॉडेल जवळजवळ बिनचूक आहे आणि राहिलेला तुकडा छोटा आहे’ या गृहीतकावर उभा आहे. आर-फ्री ०.२९ असलेल्या मॉडेलमध्ये प्रत्येक अणू थोडाथोडा सरकलेला असतो आणि पाण्याचे कितीतरी रेणू राहिलेले असतात. काही परावर्तनांची फेज दहा अंशांनी चुकलेली असते, काहींची सत्तर अंशांनी. साध्या नकाशात ही सत्तर अंशांनी चुकलेली परावर्तनेही पूर्ण वजनाने आणि मॉडेल सांगेल त्या दिशेने बेरजेत उतरतात. तिथे नेमके राजवाड्याचे उदाहरण लागू पडते.

एम हे त्या परावर्तनाच्या फेजमधल्या चुकीच्या कोसाइनचे अपेक्षित मूल्य आहे. फेज खात्रीची असेल तर एम एकाजवळ, काहीच भरवसा नसेल तर शून्याजवळ. ०.७ म्हणजे सुमारे ४५ अंशांची चूक. बेरजेत चुकीची फेज असलेला पद घालायचाच तर त्याच्या भरवशाइतकाच घालावा, ही कल्पना ब्लो आणि क्रिक यांनी १९५९ मध्ये समरूपी प्रतिस्थापनाच्या (स्फटिकात जड अणू बसवून फेज काढण्याच्या पद्धतीच्या) संदर्भात मांडली, आणि त्याच वर्षी सिम यांनी अपुऱ्या मॉडेलसाठी भार काढून दिला. त्या सूत्रात एक राशी येते, तिला एक्स म्हणू : मोजलेला आणि काढलेला आयाम यांच्या गुणाकाराची दुप्पट, भागिले राहिलेल्या अणूंच्या विकिरणगुणांकांच्या वर्गांची बेरीज. साध्या परावर्तनासाठी एम म्हणजे एक्सच्या पहिल्या आणि शून्याव्या सुधारित बेसेल फलांचे गुणोत्तर. सेंट्रिकसाठी एक्सच्या निम्म्याचे हायपरबोलिक टॅन्जंट. एक्स १ असेल तर साध्याचा भार ०.४५ आणि सेंट्रिकचा ०.४६, एक्स ४ असेल तर ०.८६ आणि ०.९६. दोन्ही आयाम मोठे असतील तर भार जास्त, त्यांतला एक जरी छोटा असेल तर भार कमी. हे अंतःप्रेरणेलाही पटणारे आहे, कारण छोट्या सदिशाची दिशा बारीकशा चुकीनेही फिरते.

सिम यांच्या सूत्रात एक उणीव होती. त्यात मॉडेलमधले अणू अपुरे असू शकतात, पण जे आहेत ते नेमक्या जागी आहेत असे धरलेले होते. सरकलेल्या अणूंचा हिशेब लुझाटी यांनी १९५२ मध्येच केला होता, आणि डी तिथून येतो : अणूच्या जागेतल्या चुकीमुळे त्या रेझोल्यूशनला एफसीचा किती भाग अजून खरा उरला आहे, हे तो सांगतो. मॉडेलमध्ये सरासरी ०.४ अँगस्ट्रॉमची चूक नेहमीच्या घंटाकार वितरणाने पसरली आहे असे धरले, तर डी ८ अँगस्ट्रॉमला ०.९८, ४ अँगस्ट्रॉमला ०.९४ आणि तुमच्या २.३ अँगस्ट्रॉमला ०.८२ येतो. म्हणजे काठावरच्या परावर्तनांतून पूर्ण एफसी वजा करणे म्हणजे मॉडेलला त्याच्या लायकीपेक्षा जास्त मान देणे झाले. अपुरेपणा आणि चूक या दोन्ही गोष्टी एकाच राशीत गुंफण्याचे काम मद्रासच्या आर. श्रीनिवासन यांनी १९६६ मध्ये केले. त्या राशीला आपण सिग्मा-ए म्हणतो. रँडी रीड यांनी १९८६ मध्ये दाखवले, की एम·एफओला मॉडेलची फेज दिली तर सरासरीने अर्धी खरी घनता आणि डीने गुणलेल्या मॉडेलची अर्धी घनता मिळते. मग दुप्पट करून डी·एफसी वजा केले की खरी घनता उरते. आज सगळे प्रोग्राम जो गुणांक डोळे झाकून वापरतात, तो इथला आहे. हे सांख्यिकीचे चोचले नव्हेत. मॉडेलचा वाटा नेमका किती आहे ते मोजून तेवढाच बाजूला काढण्याचा हा हिशेब आहे, आणि भार नसलेली स्क्रिप्ट तो वाटा अंदाजाने वजा करते.

सिग्मा-ए कशावरून काढला आहे तेही पाहून घ्या. रिफाइनमेंटमध्ये वापरलेल्या परावर्तनांवरून तो काढला तर तो फुगतो, कारण मॉडेल त्यांच्याशी जुळवूनच घेतलेले असते. मग एम आणि डी दोन्ही फुगतात आणि भार असूनही नसल्यासारखे होतात. म्हणून तो बाजूला ठेवलेल्या, आर-फ्रीच्या परावर्तनांवरून काढायचा असतो.

आता तुमच्या फरकाच्या कोऱ्या नकाशाविषयी. तो कोरा आहे म्हणून मॉडेल बरोबर, असे समजू नका. एएमपीचा बी-फॅक्टर, म्हणजे त्याचे अणू किती पसरलेले आहेत याचे माप, पाहिलात का? माझा अंदाज आहे की तो शेजारच्या अमिनो आम्लांच्या दुप्पट-तिप्पट निघेल. बी ९५ असलेल्या अणूचे विकिरण २.३ अँगस्ट्रॉमला जवळजवळ एका टक्क्यावर येते, बी ३५ असलेल्याचे १९ टक्के उरते. म्हणजे प्रोग्रामला तो रेणू नको होता, पण काढून टाकायचा अधिकार नव्हता, म्हणून त्याने तो इतका पसरवून टाकला की तो असून नसल्यासारखा झाला. मग फरकाच्या नकाशात लाल येणार कुठून?


रात्रपाळीवाला (इंदूर) :

वरचे सगळे मान्य. डेटा गोळा करणाऱ्याच्या बाजूने एकच गोष्ट विचारतो : तुमच्या डेटाची पूर्णता (शक्य परावर्तनांपैकी मोजलेल्यांचे प्रमाण) किती आहे, आणि विशेषतः १० अँगस्ट्रॉमच्या आतबाहेरच्या, कमी रेझोल्यूशनच्या कवचात किती? एक्स्पोजर जास्त दिले असेल तर सर्वांत तेजस्वी परावर्तने डिटेक्टरवर संपृक्त होतात आणि प्रोग्राम ती टाकून देतो. स्फटिकावर बर्फ असेल तर ३.९, ३.६७ आणि ३.४४ अँगस्ट्रॉमच्या कड्यांतलीही जातात. अशा न मोजलेल्या परावर्तनांच्या जागी बरेच प्रोग्राम नकाशात डी·एफसी भरतात. त्याने नकाशा सुबक होतो, पण तेवढा भाग शंभर टक्के मॉडेलचा असतो, त्यात मोजमापाचा कणही नसतो. रिफाइनमेंटसाठी फिनिक्स हा प्रोग्राम वापरत असाल तर न भरलेल्या गुणांकांचा वेगळा स्तंभ त्याच फाइलमध्ये असतो, नावाच्या शेवटी ‘नो-फिल’ असते. नकाशा पाहण्याच्या कूट या प्रोग्राममध्ये फाइल आपोआप उघडली की मात्र भरलेलाच नकाशा समोर येतो.

शिवाय लिगँड काढून टाकल्यावर त्या पोकळीत प्रोग्राम आपला सपाट द्रावक भरतो, आणि क्षीण लिगँड त्यात बुडून जातो. त्यासाठी २०१७ साली आलेला पोल्डर नकाशा काढा. त्यात लिगँडच्या जागेतून द्रावकही हटवलेला असतो. समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीला डच भाषेत पोल्डर म्हणतात, त्यावरून हे नाव आहे.


स्फटिकवेडी (इंदूर) :

सगळ्यांचे मनापासून आभार. काटकोनातल्या सदिशांचा हिशेब मी वहीत स्वतः करून पाहिला आणि मग मार्गदर्शकांसमोर तोच मांडला. ‘अठरा कुठे गेले’ या प्रश्नावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, करून बघ.

केले ते असे. एएमपीचा बी-फॅक्टर पाहिला : फॉस्फेटच्या अणूंचा ४१, रायबोजचा ८० च्या घरात, अ‍ॅडेनीनचा ९५ ते १०२. शेजारच्या साखळीचा सरासरी ३५ आहे. एकाच रेणूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत इतकी चढण मी पाहिली होती, पण ‘टोक हलते आहे’ असे म्हणून सोडून दिली होती. डेटाची एकूण पूर्णता ९४ टक्के निघाली, मात्र १० अँगस्ट्रॉमच्या आसपासच्या, कमी रेझोल्यूशनच्या कवचात फक्त ७१ टक्के. रात्रपाळीवाल्या दादांचा अंदाज बरोबर होता; पहिल्या काही प्रतिमा पाहून मीच एक्स्पोजर वाढवून घेतले होते, ही चूक माझी आहे, बीमलाइनवरच्या कुणाची नाही.

मग एएमपी काढून टाकला, अणू थोडे हलवून मॉडेलची आठवण पुसण्यासाठी सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंगची एक फेरी केली, आणि न भरलेले गुणांक घेतले. एम·एफओ − डी·एफसी नकाशात फॉस्फेटच्या जागी ६.८ सिग्माचा गोळा आहे, स्वच्छ आणि जवळजवळ गोल. रायबोजच्या जागी २.७ सिग्माचे दोन तुटक ठिपके आहेत, तेवढे तर नकाशात इतरत्रही कितीतरी आहेत. अ‍ॅडेनीनच्या जागी २.५ सिग्माच्या वर काहीही नाही. पोल्डर नकाशातही चित्र तेच, फक्त गोळा थोडा अधिक ठळक.

मला वाईट वाटले हे खोटे कशाला सांगू. सहा महिने त्या रेणूकडे पाहत होते. पण आता प्रश्न बदलला आहे : तो गोल गोळा एएमपीचा फॉस्फेट आहे आणि बाकीचा रेणू हलतो आहे म्हणून दिसत नाही, की तिथे एएमपी मुळीच नाही?


राजवाड्यामागचा (इंदूर) :

अहो, स्फटिक १.६ मोलर अमोनियम सल्फेटमध्ये वाढलेत ना? मग तिथे सल्फेट बसला आहे. फॉस्फेट धरणाऱ्या खिशात सल्फेट बसणे ही काही नवी गोष्ट नाही. माझ्या पाहण्यात अशा किमान तीन रचना आहेत, आणि त्यांतली एक माझीच होती.


अर्धी उंची (मूळचा इंदूरचा, मुक्काम पुणे) :

शक्यता तीच वाटते, आणि आधी साधा अंकगणिताचा विचार करू. तुमच्या द्रावणात एएमपी ५ मिलिमोलर आणि सल्फेट १६०० मिलिमोलर, म्हणजे एएमपीच्या एका रेणूमागे सल्फेटचे ३२०. एन्झाइमला एएमपी शेकडो पटींनी अधिक आवडत नसेल तर त्या गर्दीत त्याला जागा मिळणे अवघड आहे.

पण अंदाजावर थांबू नका. न भिजवलेल्या स्फटिकाचा डेटा असेल तर इथे आणखी एक गुणांक कामाला येतो, आणि लिगँडच्या बाबतीत मला तो सर्वांत प्रामाणिक वाटतो : भिजवलेल्याचा एफओ उणे न भिजवलेल्याचा एफओ, आणि फेज लिगँड नसलेल्या मॉडेलच्या. यात दोन्ही बाजूंना मोजमापच आहे, एफसी कुठेच नाही, त्यामुळे मॉडेलमधल्या चुकांचा बराचसा भाग दोन्हीकडे सारखा असल्याने कटतो. उंची इथेही अर्धीच येईल, त्याचे कारण वर सांगितलेच आहे. अट एकच, की दोन्ही स्फटिकांचे युनिट सेल जवळजवळ सारखे हवेत. क्रिक आणि मॅगडॉफ यांनी १९५६ मध्ये दाखवले होते की सेलमधला अगदी थोडा बदलही तीव्रता पुष्कळ बदलून टाकतो, आणि मग नकाशात दिसतो तो लिगँड नव्हे, तर तो बदलच असतो.

निकाल वाचताना एक खबरदारी घ्या. सल्फरचे इलेक्ट्रॉन १६ आणि फॉस्फरसचे १५, २.३ अँगस्ट्रॉमला सल्फेट आणि फॉस्फेट यांत नकाशा भेद करू शकत नाही. तेव्हा गोळ्याच्या जागी फरक शून्य आला, तर त्याचा अर्थ सल्फेट जागचा हलला नाही असाही होतो आणि त्याची जागा फॉस्फेटने घेतली असाही होतो. निर्णय रायबोज आणि अ‍ॅडेनीनच्या जागांवरून करा. त्या रेणूचा जो भाग सल्फेटपासून वेगळा आहे, तोच दिसला पाहिजे.


स्फटिकवेडी (इंदूर) :

न भिजवलेल्या स्फटिकाचा मागच्या वर्षीचा २.५ अँगस्ट्रॉमचा डेटा सापडला. तिन्ही बाजू ०.३ टक्क्यांच्या आत जुळतात. त्या डेटातही, त्याच जागी, तोच गोल गोळा आहे. मागच्या वर्षी मी तिथे पाण्याचे दोन रेणू बसवून पुढे गेले होते. एफओ उणे एफओ नकाशात गोळ्याची जागा कोरी आहे, रायबोजची कोरी आहे, अ‍ॅडेनीनचीही कोरी आहे. सर्वांत उंच शिखर ४.१ सिग्माचे आले, ते तिथून २० अँगस्ट्रॉमवरच्या एका हिस्टिडिनच्या बाजूसाखळीशी आहे.

दोन्ही मॉडेलमध्ये सल्फेट बसवला. भिजवलेल्या स्फटिकात त्याचा बी-फॅक्टर ३८ वर स्थिरावला, एका आर्जिनीनची बाजूसाखळी वळून त्याच्याशी नीट जुळली, आणि आर-फ्री ०.२८ झाला. मार्गदर्शकांनी नकाशा पाहिला आणि प्रबंधातल्या प्रकरणाचे नाव बदलायला सांगितले.

जुनी स्क्रिप्ट मी फोल्डरमधून काढलेली नाही, पण तिच्या पहिल्या ओळीत तिच्या नकाशाला कोणताही भार नसतो असे लिहून ठेवले आहे. आता काही स्फटिक सोडियम मॅलोनेटमध्ये टप्प्याटप्प्याने हलवते आहे, म्हणजे सल्फेट धुऊन निघेल आणि एएमपीला जागा मिळते का ते पाहता येईल. चार स्फटिक तडकले, दोन अजून शाबूत आहेत.


रात्रपाळीवाला (इंदूर) :

ते दोन आणाल तेव्हा एक्स्पोजर निम्मे ठेवा, आणि कमी रेझोल्यूशनसाठी डिटेक्टर मागे घेऊन एक वेगळी, जलद फेरी करा. दोन्ही फेऱ्या नंतर एकत्र स्केल करता येतात, आणि मग त्या ७१ टक्क्यांच्या जागी डी·एफसी भरण्याची वेळच येणार नाही.